पुत्रासाठी औषध आणि पौरुषासाठी औषध : चिकित्सालयातील दोन मागण्यांचा अभ्यास

आपल्या व्यवसायात दोन मागण्या अशा आहेत की, त्या मोठ्या आवाजात कधीच केल्या जात नाहीत. पहिली मागणी बहुधा रुग्णेची सासू करते. रुग्णा समोर बसलेली असते, पण बोलत नाही. सासू खुर्ची पुढे ओढून म्हणते, "दोन पोरी हायत, आवंदा कायतरी द्या." दुसरी मागणी पुरुषाची असते. तो औषधालयातील गर्दी ओसरण्याची वाट पाहतो, दुकान बंद होण्याच्या सुमारास येतो आणि काउंटरवर किंचित वाकून 'ताकदीचं' काही आहे का, असे विचारतो. परभणी शहर असो, की गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, पूर्णा यांसारखी तालुक्याची गावे असोत, ज्याने पाच-दहा वर्षे चिकित्सालय अथवा औषधालय चालविले आहे, त्याला या दोन्ही मागण्यांचा अर्थ विचारावा लागत नाही.

अभ्यासक्रमात आपण या दोन गोष्टी दोन वेगळ्या ठिकाणी शिकलो. एक प्रसूतितंत्र-स्त्रीरोगात आली, दुसरी वाजीकरणात. त्यामुळे त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आमच्याही पुष्कळ वर्षे ध्यानात आले नाही. स्त्रीने पुत्र द्यावा आणि पुरुषाने पौरुष सिद्ध करावे, या एकाच अपेक्षेच्या या दोन बाजू आहेत, आणि दोन्हींचे देयक आपल्या काउंटरवर फाडले जाते, असे आमचे आजचे मत आहे. ते का बनले, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात, तिसरीही मुलगीच झाली या रागातून पतीने पत्नीस पेटवून दिल्याचा गुन्हा नोंदविला गेला. ती स्त्री वाचली नाही. वृत्तपत्रांतून ही घटना सर्वांनी वाचली असेल. तिच्या गुन्हेगारी बाजूविषयी आम्हांस लिहावयाचे नाही, तो विषय न्यायालयाचा आहे. परंतु ती वार्ता वाचताना एक प्रश्न मनात आला व तो अद्याप गेलेला नाही. तिसऱ्या मुलीपर्यंत पोहोचणारे प्रत्येक कुटुंब मध्यंतरीच्या काळात कोणत्या ना कोणत्या दारात औषध मागण्यास गेलेले असते. त्या दारात त्यांना काय सांगितले जाते? २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. परभणी जिल्ह्याचा आकडा राज्याच्या सरासरीपेक्षाही कमी होता आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात तो ८०७ इतका घसरला होता. त्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०११ मध्ये, सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र असे नाव ठेवले जाण्यापूर्वी त्या घरात मुलगा व्हावा म्हणून काय काय दिले-घेतले गेले असेल, याची नोंद कोणत्याही जनगणनेत होत नाही.

ग्रंथ काय सांगतात, आणि आपण त्यांतून काय उचलले

पुत्रार्थ औषध देणारे वैद्य हमखास ग्रंथाचा आधार पुढे करतात. तो आधार खोटा नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात पुंसवनविधी आहे व तो गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी करावा, असेही म्हटले आहे. ऋतुकालातील सम दिवशी समागम झाल्यास पुत्र व विषम दिवशी झाल्यास कन्या, हा विचार संहितांमध्ये आहे. 'पुंसवन म्हणजे केवळ सुदृढ अपत्य' अशी सारवासारव आपल्यातील काही विद्वान करतात. ती मूळ ग्रंथ उघडून वाचणाऱ्यास पटण्यासारखी नाही.

परंतु ग्रंथ उघडायचाच असेल, तर पूर्ण उघडावा. अष्टांगहृदयात वाग्भटाने याच प्रकरणी नस्य सांगताना पुत्रेच्छा असल्यास उजवी नाकपुडी सांगितली आहे आणि कन्येची इच्छा असल्यास डावी. म्हणजे कोणाला मुलगी हवी असू शकेल, ही शक्यता ग्रंथकाराने गृहीत धरली होती. आमच्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात डाव्या नाकपुडीचे औषध मागणारे एकही कुटुंब आमच्याकडे आले नाही. ग्रंथाच्या श्लोकातील अर्धी ओळ समाजाने पुसून टाकली आणि उरलेल्या अर्ध्या ओळीला आपण 'शास्त्र' म्हणू लागलो.

दुसरी गोष्ट. सुश्रुताने गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज हे चार घटक सांगितले. बीज केवळ स्त्रीचे नाही. शुक्राच्या आधिक्याने पुत्र व रक्ताच्या आधिक्याने कन्या, असा संहितांचा सिद्धांत आहे. तोही दोघांना मिळून कारण मानतो. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांनी लिंगनिश्चितीतील गुणसूत्रांचे कार्य दाखवून दिले आणि त्यानंतर हे स्पष्ट झाले की, गर्भाचे लिंग शुक्राणूतील एक्स अथवा वाय गुणसूत्रावर ठरते, स्त्रीबीजावर नाही. म्हणजे जुन्या शास्त्राने दोघांकडे बोट दाखविले, नव्या शास्त्राने पुरुषबीजाकडे दाखविले. आणि औषध मात्र दोन्ही काळांत स्त्रीच्याच घशात ओतले गेले.

सम-विषम दिवसांबद्दलही आता अनुमानावर राहण्याचे कारण नाही. १९९५ मध्ये विलकॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बीजोत्सर्गाच्या संदर्भात समागमाचा दिवस आणि बालकाचे लिंग यांचा संबंध आढळला नाही. आपल्या शास्त्रात आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती हीही प्रमाणे आहेत. ज्या परंपरेने परीक्षेचे हे चार दरवाजे उघडे ठेवले, तिच्या नावाने तीन बंद करून बसणे हा तिचा आदर खचित नव्हे.

हा वाद केवळ विद्वानांपुरता राहिलेला नाही. २०२० मध्ये एका नामवंत कीर्तनकारांच्या सम-विषम तिथीविषयीच्या विधानावरून संगमनेर येथे प्रकरण न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने पुढे आलेला एक प्रमुख युक्तिवाद 'हे आयुर्वेदाच्या ग्रंथांत लिहिले आहे' असाच होता. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने खटला पुढे चालण्याचा मार्ग मोकळा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. खटल्याचा निकाल काय लागावा, हे आम्ही सांगणार नाही. परंतु ग्रंथात आहे एवढ्यावर आपली सुटका होईल, या समजुतीत कोणी राहू नये.

कायद्याची व्याख्या वैद्य व विक्रेता दोघांनाही कवेत घेते

लिंगनिदान म्हणजे सोनोग्राफी, आणि तो कायदा सोनोग्राफी केंद्रवाल्यांचा, असा आपल्या क्षेत्रात गैरसमज आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम याविषयी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून तो १ जानेवारी १९९६ पासून अंमलात आला. २००३ च्या दुरुस्तीने त्यात गर्भधारणापूर्व लिंगनिवडीचाही समावेश झाला. या दुरुस्तीनंतर लिंगनिवडीच्या व्याख्येत, गर्भ विशिष्ट लिंगाचा व्हावा किंवा तशी शक्यता वाढावी या हेतूने कोणतीही गोष्ट देणे, लिहून देणे अथवा पुरविणे, हे सर्व येते. 'कोणतीही गोष्ट' या शब्दांत सोनोग्राफी यंत्राइतकीच पुडीही बसते. मागील वर्षी एका औषधविक्रेत्या मित्राने आम्हांस विचारले, "आम्ही तर फक्त विकतो, आमचा काय दोष?" 'पुरविणे' हा शब्द त्यांच्यासाठीच आहे.

कलम २२ नुसार अशा गोष्टीची जाहिरात हाही गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत सूचनाफलक, पत्रक, लेबल व वेष्टन हेही धरले आहे. २०१५ मध्ये 'पुत्रजीवक' बीजाच्या एका उत्पादनावरून राज्यसभेत गदारोळ झाला होता, हे वाचकांस आठवत असेल. पुत्रजीवक हे वनस्पतीचे जुने नाव आहे, हा खुलासा खरा होता. तथापि ग्राहक वेष्टनावरील नाव वाचून काय समजतो, हे विक्रेत्याला ग्राहकापेक्षा अधिक ठाऊक असते. शिवलिंगी बीजाचेही तसेच. कोणत्या ग्राहकाने ते कशासाठी मागितले, हे न समजल्याचे सोंग आपण कोणापुढे करीत आहोत?

औषधाने निदान अपाय तरी होत नाही, असे काही जण म्हणतात. हरियाणात पुत्रप्राप्तीसाठी दिल्या जाणाऱ्या देशी औषधांचा अभ्यास झाला. त्यांच्या नमुन्यांत वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन आढळले आणि अशी औषधे घेतलेल्या मातांच्या अपत्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक दिसले. पहिल्या तीन महिन्यांत, अंग-प्रत्यंगे घडत असताना, घटक ठाऊक नसलेली पुडी गर्भिणीस देणे हे गर्भिणी-परिचर्येच्या कोणत्या अध्यायात बसते, ते आम्हांस तरी सापडलेले नाही.

याच कायद्यातील एक तरतूद फारशी वाचली जात नाही. गर्भवती स्त्रीने कायद्याने मान्य नसलेल्या कारणासाठी प्रसवपूर्व निदान करून घेतले असल्यास ते पती किंवा नातेवाइकांच्या दबावाने केले, असे न्यायालय गृहीत धरते. विरुद्ध सिद्ध करण्याचा भार इतरांवर असतो. सासूच्या शेजारी मूक बसलेल्या रुग्णेचे हे वर्णन कायदा करणाऱ्यांनी आपल्याच एखाद्या चिकित्सालयात बसून लिहिले असावे, असे वाटते.

दुसरी मागणी

आता पुरुषाकडे वळू. येथे आपल्या ग्रंथांविषयी थोडे अप्रिय लिहावे लागेल. चरकाच्या वाजीकरण प्रकरणाच्या प्रारंभीच निरपत्य पुरुषाचे वर्णन आहे. त्याला सावली व फळ नसलेल्या एकाच फांदीच्या झाडाची, चित्रातील दिव्याची, आटलेल्या तळ्याची उपमा दिली आहे. बहुप्रज पुरुषाची स्तुती तितकीच मोठी आहे. स्त्रीवर पुत्राचा भार टाकणारी ही संस्कृती पुरुषालाही निष्फळ झाड म्हणून मोकळी झाली होती, हे यावरून दिसते. खेड्यातल्या पारावर आजही तेच म्हटले जाते, फक्त शब्द अधिक हिणकस असतात.

तथापि त्याच चरकाने शुक्र शरीरात कोठे असते ते सांगताना उसातील रस, दह्यातील तूप व तिळातील तेल यांचे दृष्टांत दिले आहेत. ते सर्व शरीर व्यापून असते, कोठल्या कोठारात साठविलेले नसते. गोदाकाठच्या ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. 'धातू जातो' म्हणून झोप उडालेला तरुण समोर बसला की, आम्ही प्रथम हाच दृष्टांत सांगतो. या भयाला मनोविकारशास्त्रात डॉ. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. आजार बहुतांशी भयाचा, आणि ते भय भिंतीवरच्या जाहिरातींनी पोसलेले. चरकानेच क्लैब्याच्या कारणांत चिंता, शोक व भय मोजले आहेत. आणि वाजीकरण सोळा वर्षांच्या आत व सत्तरीनंतर वर्ज्य सांगितले आहे. ज्याच्या डोक्यावर बँकेचे व सावकाराचे कर्ज आहे, ज्याचे सोयाबीन पावसात काळे पडले आहे, त्या पुरुषाला अश्वगंधा व कवचबीज द्यावयाचे की, आधी त्याची झोप कशाने उडाली ते विचारावयाचे? आपल्या देशातील आत्महत्यांत सुमारे सत्तर टक्के पुरुष असतात. मराठवाड्यात यातील शेतकऱ्यांची संख्या वेगळी सांगण्याची गरज नाही. रडणे, हरणे, मदत मागणे ही बायकी लक्षणे ठरविल्यावर त्याने जायचे तरी कोठे? ज्याला मनाचे दुखणे सांगता येत नाही, तो शरीराचे दुखणे सांगतो, आणि शरीराचेही सांगता येत नाही तेव्हा 'ताकदीचं काही द्या' म्हणतो.

औषधविक्रेत्यांसाठी येथे एक व्यावहारिक सूचना. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलसारखी आधुनिक द्रव्ये मिसळलेली अनेक देशांत तपासणीत सापडली आहेत. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने अशी कॅप्सूल घेतल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. एका मात्रेत 'गुण' देणाऱ्या आयुर्वेदिक कॅप्सूलकडे संशयाने पाहावे, आमचा तरी हाच नियम आहे. शिवाय औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार लैंगिक क्षमता वाढविण्याची, तसेच क्लैब्य व स्त्री-वंध्यत्व बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. दुकानाच्या काचेवर चिकटविलेले कंपनीचे पोस्टर आपले नव्हे, ही सबब चालण्याचा भरवसा धरू नये.

आमची एक चूक

पूर्णा तालुक्यातील एक जोडपे आमच्याकडे येत असे. विवाहास सहा वर्षे झाली होती. रुग्णेच्या हातात कापडी पिशवी असे व तीत चार चिकित्सकांचे कागद. सोनोग्राफी, गर्भनलिकेचे चित्र, थायरॉइड, सर्व काही तिचे. सासू सोबत असे. पती बाहेर दुचाकीजवळ उभा राही. आम्ही आर्तवदुष्टी, योनिव्यापद् यांचा विचार करून फलघृत, उत्तरबस्ती असे उपचार अकरा महिने केले. पतीस आत बोलवावे, हे आम्हांस सुचले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. सुचले होते, पण संकोच वाटला. पुरुषाला त्याच्या आईसमोर हा प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान, असे आमच्याही मनात कोठेतरी होते. त्याच्या पत्नीची अकरा महिने जी तपासणी चालली, तो अपमान ठरत नव्हता.

वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषपक्षाचा वाटा असतो, हे आम्ही व्याख्यानांत सांगत असू. अखेर तपासणी झाली तेव्हा शुक्राणूंची संख्या फारच अल्प निघाली. तो तरुण अहवाल घेऊन एकटाच आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझ्या मायला सांगू नका. तिच्यातच दोष हाय, असं लिहून द्या." आम्ही तसे लिहून देण्यास नकार दिला. त्याचा अहवाल त्याच्या आईला सांगणार नाही, परंतु पत्नीला त्यानेच सांगितले पाहिजे, असे सांगितले. त्यानंतर चार महिने ते जोडपे आले नाही. त्या चार महिन्यांत त्या घरात काय चालले असेल, याचा विचार आम्ही अनेकदा केला. दुसऱ्या विवाहाची बोलणी या भागात कशी सुरू होतात, हे वाचकांस ठाऊक आहे. चार महिन्यांनी दोघे आले, सासू नव्हती. रुग्णा प्रथमच सलग बोलली. "सहा वर्सं माझंच पोट तपासलं," एवढेच ती रागाने म्हणाली, आणि तो राग पतीपेक्षा आमच्यावर अधिक होता. तो योग्यच होता. पुरुषास व्हेरिकोसील असल्याने शल्यचिकित्सकाकडे पाठविले.

तेव्हापासून वंध्यत्वाच्या केसपेपरवर आम्ही पतीचा स्तंभ पत्नीच्या आधी छापून घेतला आहे. तो स्तंभ रिकामा असेल, तर स्त्रीस औषध सुरू करीत नाही. काही रुग्ण यामुळे दुसरीकडे जातात. जावोत.

असे आधी ठरवून टाकण्याची आपली सवय या एका रोगापुरती नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५७ टक्के स्त्रियांत व २५ टक्के पुरुषांत पांडुरोग आढळला. आपण लोहकल्प लिहितो, पण घरात शेवटी कोण जेवते, हे विचारीत नाही. त्याच सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, तर पतीने करून घेतल्याचे प्रमाण ०.३ टक्के होते. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असूनही 'कामाच्या माणसाला कमजोरी येते' हा समज आपल्यापैकी किती जणांनी खोडून काढला? ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढण्याचा बीड जिल्ह्यातील प्रकार २०१९ मध्ये गाजला व शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागांतूनही कोयते जातात. पती-पत्नी मिळून एक कोयता, तिचा खाडा म्हणजे दोघांचा खाडा. मुलगा झाला, आता पिशवीचे काय काम, हे वाक्य आम्ही श्वेतप्रदराच्या रुग्णांकडून स्वतः ऐकले आहे.

आणि आपल्या संघटनेचे? सभांत वैद्य भगिनींकडे स्वागत व सूत्रसंचालन, व्याख्यानाची वेळ आली की 'स्त्रीरोग' हाच विषय. नाडीपरीक्षेवर अथवा रसशास्त्रावर त्यांना बोलावयाचे असेल, हे कार्यक्रम आखणाऱ्यांत आम्हीही असताना सुचले नाही. उलट, प्रसूतितंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एका तरुण वैद्याला गावात कोणी रुग्णा दाखवीत नाही, म्हणून त्याने शेवटी मूळव्याधीचा दवाखाना काढला. असो.

परभणीतील एका औषधविक्रेत्याने आमच्याशी झालेल्या चर्चेनंतर दुकानात पाटी लावली : 'मुलगाच व्हावा यासाठी येथे कोणतेही औषध मिळत नाही. मागू नये.' विक्री थोडी घटली, दोन-तीन जुनी गिऱ्हाइके बोलून गेली. महिन्याभराने एक गर्भवती स्त्री डोक्यावरचा पदर सावरीत आली, पाटी दोनदा वाचली आणि मोबाइलवर तिचे छायाचित्र काढू का, असे विचारू लागली. कशासाठी, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, "घरी दाखवाया. इथं मिळत न्हाई, असं माझ्या तोंडचं कुणी खरं मानीत न्हाई."